एका मेंढ्यावर दोन नवस

देशाच्या संघाची यादी जाहीर झाली त्या दुपारी सफसाफ गावात अकरा मिनिटं आनंद होता. बाराव्या मिनिटाला सी तय्येबनं कॅफेच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

त्या अकरा मिनिटांत बरंच काही उरकलं. कॅफेवाल्यानं सगळ्यांना कॉफी फुकट जाहीर केली आणि जरा विचार करून 'छोटा कप' असं जोडलं. भूगोलाचे शाकिर मास्तर भाषणासाठी खुर्चीवर चढले, पण वर गेल्यावर काही सुचेना म्हणून उतरले. लझर कॅफेची मागची भिंत पांढरी करत होता, त्याला चौघांनी चुन्याच्या बादलीसकट उचललं, आणि ते चौघं पुढे दोन दिवस पांढरे होते.

उचलण्याचं कारण असं की यादीत शेवटचं नाव लझरच्या मुलाचं होतं. वजदी, वय बावीस, नज्म सफसाफ या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबचा गोलकीपर, आता ट्युनिशियाचा तिसरा गोलकीपर. देशातल्या एका नामवंत गोलकीपरचं बोट मोडलं होतं, दुसऱ्याचं प्रशिक्षकाशी वाजलं होतं, आणि मागच्या महिन्यात कपच्या एका सामन्यात वजदीनं राजधानीच्या बड्या क्लबला नव्वद मिनिटं रडकुंडीला आणलं होतं. प्रशिक्षक तेव्हा प्रेक्षकांत होता म्हणे. पाऊस आला म्हणून आडोशाला आला होता असंही म्हणतात.

सी तय्येब, म्हणजे आपले तय्येबराव, क्लबचा अध्यक्ष. तेलाचा घाणा त्याचा, त्यामुळे त्याचं बोलणंही सावकाश गळायचं. "आफ्रिका कप जानेवारीभर," तो कॅलेंडरवर बोट फिरवत म्हणाला. "पहिल्या श्रेणीचे सामने देशासाठी थांबतात. आपले थांबत नाहीत."

ते थांबत नाहीत, कारण दुसऱ्या श्रेणीतून कुणी देशाकडून खेळायला जाईल असं नियम लिहिणाऱ्याला वाटलंच नव्हतं.

"जानेवारीत आपले सामने किती?"

"चार. आणि चारांनंतर तळाचे दोन संघ तिसऱ्या श्रेणीत. आपण खालून तिसरे."

 तिसरी श्रेणी म्हणजे काय ते गावात सगळ्यांना पाठ होतं. पालिकेनं ठराव करून ठेवला होता की क्लब खाली गेला की मैदान गुरुवारच्या बाजाराला द्यायचं. मेंढ्या उत्तरेच्या गोलपाशी, भाजी दक्षिणेच्या. नकाशासुद्धा तयार होता. तो शाकिर मास्तरांनीच काढून दिला होता, कारण गावात नकाशा काढता येणारे तेच.

"मग गोलात कोण उभं राहणार?" लझरनं विचारलं. त्या मैदानावरच्या पांढऱ्या रेषा तो बावीस वर्षं मारत होता. चुना हा त्याचा धंदा आणि मैदान हा त्याचा जीव.

सगळ्यांनी शाकिर मास्तरांकडे पाहिलं. राखीव गोलकीपरही तेच होते. वय एक्केचाळीस.

"मी प्रयत्न करीन," मास्तर म्हणाले. आनंद संपला तो इथं.

मास्तरांनी खरोखर प्रयत्न केला. चेंडू कुठून येतोय हे त्यांना बरोबर कळायचं, कधी येतोय हे नाही. पहिला सामना शून्य-चार. दुसरा दोन-पाच. तिसरा दाट धुक्यात झाला आणि बरोबरीत सुटला, कारण कुणालाच चेंडू दिसत नसल्यानं सगळे मास्तरांच्या पातळीवर आले होते. आता एकच सामना उरला, रविवारचा, घरच्या मैदानावर, मंझल तूत गावाशी. बरोबरी झाली तरी नज्म वाचणार होता, हरला तर भाजी.

तिकडे देशाचे सामने चालूच होते, आणि ते बघताना सफसाफची फार ओढाताण व्हायची. देश तो देश. लाल-पांढरे मफलर गळ्यात घालून सगळे कॅफेत वेळेवर हजर असायचे. पण देश लवकर हरला तर वजदी लवकर घरी, हे गणित पहिलीच्या पोरालाही येत होतं. त्यामुळे ट्युनिशियानं गोल केला की लोक मयताला आल्यासारखे टाळ्या वाजवायचे, आणि समोरच्या संघानं केला की "अरेरे" म्हणत एकमेकांना सिगारेट द्यायचे. उघड कुणी काही बोललं नाही. देशानं एक सामना जिंकला, दोन बरोबरीत सोडवले आणि थेट बाद फेरीत पोचला. त्या दिवशी कॅफेवाल्यानं टीव्हीचा आवाज बंद करून वर फडकं टाकलं.

मनापासून खूश असणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे लझरची बायको ह्निया. ती अंगणातल्या तबूना भट्टीत भाकरी भाजून विकायची आणि सामने घरी एकटीनं बघायची. वजदी राखीव बाकाच्या टोकाला बसत असल्यामुळे कॅमेऱ्यात त्याचा फक्त डावा गुडघा यायचा.

"आज वाळलाय," ती लझरला सांगायची.

"गुडघा?"

"आईला कळतं."

यादी जाहीर झाली त्याच संध्याकाळी ती सीदी झितूनीच्या दर्ग्यात जाऊन मेणबत्ती लावून आली होती. वजदी देशाकडून एक मिनिट तरी खेळू दे, घरातला मेंढा तुला. एकच मिनिट. ह्निया मागायच्या बाबतीत फार समजूतदार बाई होती.

बाद फेरीचा सामना गुरुवारी होता. देश हरला तर वजदी शुक्रवारी घरी, रविवारी गोलात. जिंकला तर पुढचा सामना सोमवारी, म्हणजे रविवारी पुन्हा मास्तर. बुधवारी सकाळी सी तय्येब, मास्तर आणि क्लबचे आणखी दोघं मैदानावर आले. लझर रेषांचा चुना चाळत होता.

"सी लझर," तय्येब म्हणाला, "दर्ग्याचा घुमट दरवर्षी तूच रंगवतोस ना?"

"हो."

"फुकट?"

"दर्ग्याकडून कोण पैसे घेतं?"

"म्हणजे सीदीवर तुझे उपकार आहेत."

लझरनं चाळणी खाली ठेवली. "काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"मी अध्यक्ष आहे, मला तसं म्हणता येत नाही. मास्तर, तुम्ही म्हणा."

मास्तर घसा साफ करत म्हणाले, "उद्या देश हरावा असा कुणीतरी नवस बोलायला पाहिजे. आम्ही बोललो तर तो देशद्रोह. तू बोललास तर एका बापाला मुलाची ओढ लागलीय, एवढंच."

"आणि त्याला खेळायला मिळालं तर?"

"तिसऱ्या गोलकीपरला?" मास्तर दुःखानं हसले. "लझर, मी तिसरा नव्हतो कधी, दुसरा होतो. दुसऱ्यालाही खेळायला मिळायला एकोणीस वर्षं लागली."

 लझरनं उत्तरेच्या गोलकडे पाहिलं, तिथं मेंढ्या दिसल्या. दक्षिणेच्या गोलकडे पाहिलं, तिथं भाजी, आणि भाजीत तय्येबचा साडू वांगी विकत बसलेला. तो साडू त्याला कधीच आवडला नव्हता.

दुपारी तो दर्ग्यात गेला. दर्ग्याची राखण मबरूका करायची, साऱ्या गावाची 'खालती', म्हणजे मावशी. वय कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारलं तर ती उलट विचारणाऱ्याचं सांगायची. लझर कबरीवरच्या हिरव्या चादरीपाशी टेकला आणि जमेल तितक्या हळू म्हणाला, "सीदी, उद्या देश हरू दे. थोडक्यात. इज्जतीनं. मेंढा देतो."

"कुठला मेंढा?" मागून मबरूका म्हणाली.

"घरातला."

"तो तुझ्या बायकोनं आधीच लावलाय."

लझर घोटाळला. "एकावर दोन चालत नाहीत?"

"मला साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं." तिनं कबरीकडे पाहिलं, थोडी वाट बघितली. "नाही म्हणत नाहीयेत. राहू दे."

गुरुवारी चार वाजता कॅफे भरला. फडकं काढलं होतं. सत्तर मिनिटं शून्य-शून्य असंच चाललं आणि लोक जांभया देऊ लागले. एकाहत्तराव्या मिनिटाला देशाचा पहिला गोलकीपर गोलच्या खांबावर आपटला आणि त्याला खांदा धरून बाहेर नेलं. दुसरा आला. तो पंधरा दिवस बाकावर बसून इतका अधीर झाला होता, की त्र्याऐंशीव्या मिनिटाला आपल्या चौकटीच्या बाहेर धावत येऊन त्यानं चेंडू दोन्ही हातांनी धरला. रेफरीनं लाल कार्ड दाखवलं, तरी तो चेंडू सोडेना.

मग कॅमेरा बाकाच्या टोकाकडे वळला आणि डावा गुडघा उभा राहिला. पाठोपाठ उजवा आणि त्यावरचा वजदी.

लझरच्या अंगणातून ह्नियाची ललकारी निघाली ती तीन गल्ल्या ओलांडून कॅफेत आली. आणि कॅफेत एक चमत्कारिक गोष्ट घडली. तीन सामने ज्या लोकांनी मयताच्या टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे उभे राहिले. सी तय्येब टेबलावर उभा होता. वजदीनं पहिलीच फ्री किक उजवीकडे झेपावून बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलली, तेव्हा शाकिर मास्तर चक्क रडले. "मला ही कधीच जमली नाही," ते शेजाऱ्याला सांगत होते. "ही कुणालाच जमत नाही."

लझर मात्र खुर्चीत बसून होता.  तो हळूच पुटपुटला, "सीदी, कालचं ते राहू द्या. मेंढा ठेवा, पण ते तेवढं राहू द्या."

नव्वद मिनिटं होऊन गेली होती. समोरच्या संघाच्या एका दमलेल्या खेळाडूनं, जवळ कुणी नाही म्हणून, लांबून चेंडू ढकलला. फटका नव्हताच तो. चेंडू गवतावरून सरपटत, विचार करत आल्यासारखा आला. वजदी त्याच्या बरोबर समोर होता. चेंडू तीन पावलांवर आला आणि वजदीनं डावीकडे एक पाऊल टाकलं. चेंडू सरळ त्याच्या उजव्या हाताशेजारून आत गेला.

शून्य-एक. दोन मिनिटांत सामना संपला.

कॅफेत कुणी हललं नाही. वजदीनं डावीकडे पाऊल का टाकलं, हे त्या क्षणी साऱ्या देशाला पडलेलं कोडं होतं, आणि सफसाफमध्ये ते प्रत्येकाला सुटलं होतं.

नज्म सफसाफच्या मैदानावर दक्षिणेच्या गोलपुढे तीन पावलांवर एक उंचवटा आहे. जमिनीखाली जुन्या ऑलिव्हच्या झाडाचं मूळ आहे, त्याचा. सरपटत येणारा प्रत्येक चेंडू तिथं पोचला की गोलकीपरच्या डाव्या हाताला वळतो. पाहुण्यांना ते माहीत नसतं. लझर बावीस वर्षं तिथली रेष अशा बेतानं मारायचा की जमीन सपाट वाटावी, आणि क्लबनं त्या उंचवट्याच्या जिवावर जेवढे गुण मिळवले तेवढे कुठल्याच खेळाडूनं मिळवून दिले नव्हते. वजदी सात वर्षांचा असल्यापासून त्या गोलात उभा होता. चेंडू सरपटत आला की त्याचा पाय आपोआप डावीकडे जायचा, जशी बुटक्या दारातून जाताना घरच्या माणसाची मान वाकते तशी.

तो उंचवटा लझर कधीही खणून काढू शकला असता.

शुक्रवारी सकाळी खालती मबरूका दाराशी आली. ह्निया भट्टीच्या आतल्या भिंतीवर भाकरी थापत होती. खिडकीतला रेडिओ चालू होता आणि रेडिओवर वजदी चालू होता.

"मेंढा न्यायला आले," मबरूका म्हणाली. "उद्या कापू. सीदीनं दोन्ही ऐकले बरं का. पुढचा अर्धा तुझा, मागचा तुझ्या नवऱ्याचा."

ह्नियाचा हात थांबला. "त्यानं काय मागितलं होतं?"

"ते त्याचं आणि सीदीचं."

"खालती, भाकरी जळतेय आणि मला घाई आहे. सांग."

मबरूकानं सांगितलं. लझर अंगणाच्या कोपऱ्यात बादली घासत होता. ती बादली त्यानं आयुष्यात कधी घासली नव्हती.

ह्निया ओरडली नाही. तिनं जळलेली भाकरी काढली, लझरपुढे ठेवली आणि म्हणाली, "खा."

त्यानं खाल्ली.

रेडिओवर श्रोते फोन करत होते. एकजण म्हणाला पोरगा घाबरला. डोळ्यांच्या एका डॉक्टरनं उजव्या डोळ्याबद्दल शंका काढली. मग बिझर्टचा एक गृहस्थ म्हणाला, "मी सांगतो, तो विकला गेला. न विकलेला माणूस चेंडूला वाट करून देत नाही." सूत्रसंचालक "असा आरोप आपण करू नये" म्हणाला आणि लगेच तसाच आरोप करणारा दुसरा फोन घेतला.

"विकला गेला म्हणे," ह्निया म्हणाली. "तू फोन लाव."

"आणि काय सांगू?"

"तुझ्या लाडक्या उंचवट्याचं सांग."

"अगं, परवा सामना आहे. मंझल तूतवाले रेडिओ ऐकतात."

"माझा मुलगाही ऐकतो."

लझरनं बाहेर पाहिलं. घरांच्या पलीकडे मैदानाचा एक खांब दिसत होता. इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात, पण लझरला आडही स्वतःच खणलेला दिसत होता आणि विहीरही. त्यानं फोन लावला.

"मी लझर. सफसाफहून. मैदानावर रेषा मारतो."

"विषय गोलकीपरचा आहे, सी लझर," सूत्रसंचालक म्हणाला.

"त्यावरच येतोय. पण मैदानावरूनच यावं लागतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. मूळ, उंचवटा, तीन पावलं, डावीकडे. रेषेची चलाखीसुद्धा. "त्या पोराचं काही चुकलं नाही. त्याला वाकडी जमीन मी दिली. तो सरळ जमिनीवर पहिल्यांदाच उभा होता."

सूत्रसंचालकानं विचारलं, "हा उंचवटा अजून आहे?"

"आहे. दक्षिणेचा गोल."

"तुम्ही त्याचे कोण लागता?"

"मैदानाचा माणूस," लझर म्हणाला. मग, "बापही."

"म्हणजे पित्याचं काळीज बोलतंय."

"दुसरंही एक बोलायचंय. देश हरावा म्हणून मी बुधवारी नवस केला होता. गुरुवारी परत घेतला, पण तोवर फार उशीर झाला होता."

इथं रेडिओनं गाणं लावलं.

गाणं संपायच्या आत सी तय्येब अंगणात हजर. घाण्यावरून पळत आला होता, हातांना तेल तसंच. "बावीस वर्षं," तो म्हणाला. "बावीस वर्षं मी स्वतःच्या बायकोला सांगितलं नाही."

"तिला मी सांगितलं होतं," ह्निया म्हणाली.

"मंझल तूतवाले आता फूटपट्टी घेऊन येतील. तू क्लब विकलास, लझर."

"नाही, फुकट दिला," लझर म्हणाला. "सी तय्येब, काय बोलायचं ते रविवारनंतर बोला. आता माझ्याच्यानं ऐकवत नाही."

वजदी दुपारी आला, राजधानीहून येणाऱ्या लांबच्या टॅक्सीतून. थांब्यावर अर्धं गाव जमलं होतं. त्याच्या स्वागताला म्हणून आठवडाभर आधी ठरवलेला ढोलवालाही आला होता, पण वाजवावं की नाही हे त्याला कुणी सांगेना, म्हणून तो ढोलावर हात ठेवून उभा होता. वजदी टोपी डोळ्यांवर ओढून उतरला. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पिठानं पांढरा केला. मग तो बापासमोर आला.

"टॅक्सीत आम्ही आठ जण होतो, बाबा. रेडिओ चालू होता."

"मग?"

"सहा जण म्हणाले, पोरगा निर्दोष आहे, बाप वेडा आहे. एकजण झोपला होता."

"आणि आठवा?"

"आठवा मी."

लझर त्याची बॅग घ्यायला वाकला. वजदीनं दिली नाही.

"नवस खरंच केलास?"

"केला."

"मी हरावं म्हणून?"

"तू यावास म्हणून. तू खेळशील असं कुणालाच वाटलं नव्हतं." हे बोलल्यावर लझरला कळलं की हे नवसाहूनही वाईट होतं.

वजदीनं टोपी वर सरकवली. "मला वाटलं होतं," तो म्हणाला. "रोज वाटायचं." मग बॅग खांद्यावर टाकत, "रविवारी मी उभा राहणार नाही. चेंडू सरपटत आला की काय करायचं ते माझ्या पायांना आता कळत नाही. मास्तरांना सांगा."

मास्तर तिथंच होते. ते मटकन ढोलावर बसले.

शनिवारी सकाळी लझर कुदळ घेऊन मैदानावर गेला. दक्षिणेच्या गोलपासून तीन पावलं मोजली. पहिला घाव घालायच्या आधी त्यानं उंचवट्यावरून एकदा हात फिरवला आणि मग खणायला लागला. मूळ मांडीएवढं जाड निघालं. दहा वाजता सी तय्येब आला. त्याला बघून लझरनं कुदळ घट्ट धरली. तय्येब खड्ड्याभोवती नुसता दोनदा फिरला.

"ते उद्या उंचवटा धरून येणार," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि उंचवटा नसणार." मग त्यानं कोट काढला आणि कुऱ्हाड मागितली.

दुपारपर्यंत जमीन सपाट झाली. वजदी कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसला होता. कधी आला ते कुणाला दिसलं नाही. लझरनं चोपणी टेकवली आणि घाम पुसला.

"झालं," तो भिंतीकडे न बघता म्हणाला. "आता जिथून येईल तिथूनच येईल."

वजदी उतरला, जमिनीवर पाय घासून पाहिला आणि गोलात जाऊन उभा राहिला. "टाका एक."

इथं एक नवीनच अडचण निघाली. लझरनं चेंडू ढकलला तो वाकडा गेला. तय्येबनं ढकलला, तोही वाकडा. मास्तरांना बोलावलं, क्लबचा कप्तान आला, आणखी चौघं खेळाडू आले. सगळ्यांचेच चेंडू वजदीच्या उजवीकडे कलत होते. आख्खं गाव जन्मभर उंचवट्याचा हिशेब धरून चेंडू मारत आलं होतं. सफसाफमध्ये सरळ चेंडू मारता येणारा एकही पुरुष नव्हता.

तेवढ्यात ह्निया मोठी परात घेऊन आली. नवसाचं मटण आणि कुसकुस. पुढचं मागचं सगळं एकत्रच शिजवलं होतं. मबरूकानं नावं वेगळी ठेवायचा आग्रह धरला, तेव्हा ह्निया म्हणाली होती, सीदीनं एकत्र दिलं, मीही एकत्रच देणार.

"काय चाललंय?" तिनं विचारलं. तिला सांगितलं. तिनं परात खाली ठेवली, चेंडू हातात घेतला, तळव्यावर गोल फिरवला आणि जमिनीवरून सोडला. तो दोरी लावल्यासारखा सरळ वजदीकडे गेला.

वजदीचा पाय डावीकडे गेला. चेंडू आत.

"पुन्हा," तो म्हणाला.

ह्नियानं संध्याकाळपर्यंत चेंडू टाकले. रोज दीडशे भाकऱ्या थापणारा हात तो, दमणं त्याला माहीत नव्हतं. लझर गोलच्या मागे उभा राहून चेंडू परत आणून द्यायचा. तो मोजत होता आणि मोजतोय हे दाखवत नव्हता. पहिल्या चाळिसात सदतीस आत गेले. पुढच्या चाळिसात वीस. मग वजदीचा डावा पाय नुसता उचलला जायचा आणि परत जागेवर यायचा. उन्हं उतरली तेव्हा वजदी हातमोजे काढत आईला म्हणाला, "उम्मी, माझा हिरवा शर्ट धुतलाय का?"

"तू यादीत आलास त्या दिवशीच धुतला," ती म्हणाली.

 लझर चुन्याची बादली घेऊन रेषा मारायला गेला.

रविवारी मंझल तूतचा संघ दोन बस भरून आला. त्यांचे लोक "डावीकडे, डावीकडे" असं गाणं म्हणत होते, आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या हातात खरोखर कागद होता. त्यांना जिंकणं भाग होतं. नाणेफेक जिंकून त्यांनी दुसऱ्या अर्धात दक्षिणेच्या गोलवर हल्ला करता येईल अशी बाजू घेतली. लझर त्याच गोलच्या मागे, जाळीला नाक लावून होता.

दुसऱ्या अर्धात मंझल तूतनं चौदा वेळा चेंडू सरपटत पाठवला, प्रत्येक वेळी वजदीच्या उजव्या हाताच्या खांबाच्या हातभर बाहेर, म्हणजे उंचवट्यावर वळून तो आत शिरावा. चौदाही चेंडू हातभर बाहेरूनच गेले. आठव्यानंतर त्यांचा प्रशिक्षक कागद उलटा धरून पाहू लागला. बाराव्यानंतर त्यानं रेडिओला शिव्या घातल्या.

आणि नव्वदाव्या मिनिटाला, नज्मच्याच बचावपटूच्या नडगीला लागून, चेंडू गोलकडे निघाला. अगदी हळू. सरळ वजदीकडे. लझरला वाटलं ओरडावं, पण काय ओरडायचं ते सुचेना. वजदीची डावी टाच उचलली गेली. गाणं थांबलं. टाच खाली आली, त्याच जागी. वजदी वाकला आणि चेंडू त्याच्या हातात शिरला. त्यानं तो पोटाशी धरला आणि तसाच गुडघ्यांवर बसला.

शिट्टी वाजली. शून्य-शून्य.

पलीकडे ढोल सुरू झाला, मास्तर कुणालातरी मिठी मारत होते, कुणाला ते त्यांना माहीत नव्हतं. वजदी मात्र उठला नव्हता. रेफरी त्याच्यापाशी येऊन चेंडू मागत होता. क्लबकडे चांगला चेंडू तेवढाच होता आणि नियमानं तो रेफरीनं परत जमा करायचा होता. वजदी मान खाली घालून नुसताच बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

लझर जाळीला वळसा घालून आत आला आणि मुलाशेजारी उकिडवा बसला.

"दे त्याला," तो म्हणाला. "घरी जाऊ."

"थोडा वेळ."

लझरनं रेफरीकडे पाहिलं. "थोडा वेळ म्हणतोय."

रेफरीनं घड्याळ पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि तोही गवतावर बसला.